कोठारातला नैवेद्य : मिरसू, मनुकांची ढेप आणि मलिदा

अक्कडी भाषेतील शांतिविधींच्या मृत्तिकापटांवर एक सूचना पुनःपुन्हा भेटते. देवतेपुढे मांडणी करताना खजूर आणि ‘सास्कू’ नावाचे बारीक पीठ पसरावे, मग मध व तूप घातलेला ‘मिरसू’ ठेवावा, असा तिचा आशय. आपल्याकडील पूजाविधीच्या पोथ्यांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही. वस्तूंची नावे, आज्ञार्थी क्रियापदे, आणि करणाऱ्याला ठाऊक असणारच म्हणून सोडून दिलेला मधला सारा भाग. मिरसू कोठे आणि केव्हा ठेवावा हे पुरोहिताने लिहून ठेवले. तो करावा कसा हे लिहिले नाही. लिहिण्याचे त्याला कारणही नव्हते, कारण करणारे हात दुसऱ्याचे होते.

आज पाककृतींच्या पुस्तकांत आणि महाजालावर ‘चार हजार वर्षांपूर्वीची मिठाई’ या नावाने खजूर-पिस्त्यांच्या गोळ्या मोठ्या आत्मविश्वासाने करून दाखवल्या जातात. त्या चविष्ट असतात, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु साहित्याचे वाचन-अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या गोळ्यांपेक्षा तिच्यामागचा पाठ अधिक खुणावतो. हा नैवेद्य आपल्यापर्यंत तीन प्रकारच्या लेखनातून आला आहे : कोठाराच्या लेखनिकाची नोंद, पुरोहिताचा विधी आणि संतापलेल्या संदेष्ट्याची निर्भर्त्सना. या तिघांपैकी एकानेही तो कधी कालवला नव्हता. कालवणाऱ्यांचा आवाज या सर्व साहित्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘जवळजवळ’ असे आम्ही का म्हणतो, ते पुढे येईलच.

प्रथम शब्दाकडे पाहू. मिरसू (काही ठिकाणी ‘मेर्सू’) हे नाम ‘मरासू’ या अक्कडी धातूपासून आले आहे आणि त्या धातूचा अर्थ कुस्करणे, पातळ पदार्थात कालवणे. म्हणजे पदार्थाला नाव मिळाले ते त्यातील जिन्नसांवरून नव्हे, हाताच्या क्रियेवरून. मराठीत कालवण्यावरून ‘काला’ झाला, त्यातलाच हा प्रकार. सुमेरी लिपिचिन्हांत मात्र याच पदार्थासाठी ‘निंदा-ई-दे-आ’ असे लिहीत. त्याचा शब्दशः अर्थ ‘स्नेह ओतलेली रोटी’. एक नाव हात सांगते, दुसरे तूप सांगते. दोन्हींत खजुराचा उल्लेख नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण आज मिरसू म्हटले की खजूरच आधी आठवतो.

खजूर आला तो कोठाराच्या नोंदींतून. सीरियातील तेल हरीरी या टेकाडाचे उत्खनन आंद्रे पारो यांनी १९३३ साली सुरू केले आणि युफ्रेटिसकाठचे मारी हे प्राचीन नगर उजेडात आले. तेथील राजवाड्यातून वीस हजारांहून अधिक मृत्तिकापट निघाले. त्यांतील पुष्कळसे राजा झिम्रीलीम याच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. १८ व्या शतकातील आहेत. पत्रव्यवहार, शकुनविचार, हेरांचे अहवाल यांच्या जोडीला त्यात रोजच्या जिन्नसांचा जमाखर्चही आहे. राजाच्या भोजनासाठी, मिरसूकरिता म्हणून अमुक खजूर दिला, अमुक ‘बुटुम्तू’ दिले, अशा त्या नोंदी. बुटुम्तू म्हणजे पिस्ता किंवा त्याच कुळातील रानफळ. खजूर पुष्कळ, बुटुम्तू थोडे, आणि खाली लेखनिकाच्या हिशेबाचा ताळा.

याच लेखनविश्वात मिरसू करणाऱ्या व्यक्तीसाठी एक पदनाम येते : ‘एपिशत मेर्सी’. ‘एपिशु’ म्हणजे करणारा, आणि अक्कडीत स्त्रीलिंगाचा प्रत्यय ‘त’. कृती नाही, नाव नाही, चेहरा नाही. आहे तो फक्त एक प्रत्यय. व्याकरण शिकवताना लिंगप्रत्ययांच्या तक्त्यावर विद्यार्थी जांभया देतात, तेव्हा हे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. एका संपूर्ण व्यवसायातील बायांचा पुरावा केवळ त्या एका व्यंजनावर उभा आहे.

मारीच्या राजवाड्यात मातीचे सुमारे पन्नास साचेही मिळाले. कोणावर समकेंद्री वर्तुळे, कोणावर प्राण्यांच्या रांगा, एकावर दोन्ही हातांनी स्तन धरून बसलेली नग्न स्त्री. हे साचे रोटीचे, मिठाईचे की चीजचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खजुराचा मऊ गोळा साच्यात दाबला तर नक्षी छान उठते, एवढे कोणीही घरी करून पाहू शकेल. परंतु उठते म्हणून ती तशीच उठवली जात होती असे ठरत नाही.

आता ऊर येथील एका नोंदीकडे वळू. आंरी लिमे या बेल्जियन सुमेरविद्यातज्ज्ञाने प्राचीन सुमेरच्या पाककलेवर १९८७ साली लिहिलेल्या लेखात ती दिली आहे. राजवाड्यासाठी करावयाच्या गोड रोटीकरिता १ सिला लोणी, १/३ सिला पांढरे चीज, ३ सिला उत्तम प्रतीचा खजूर आणि १/३ सिला बेदाणे. सिला म्हणजे साधारण आजचा एक लिटर. प्रमाण इतके नेटके दिसते की वाचताक्षणी ती पाककृतीच वाटते, आणि अनेकांनी ती तशीच वाचली आहे.

आम्ही दोघा-तिघांनी ते प्रमाण सिलाच्या जागी वाटी घेऊन आमच्यातील एका भगिनीच्या स्वयंपाकघरात करून पाहिले. तीन वाट्या बिया काढलेला मऊ खजूर, एक वाटी घरचे लोणी, तिसरा हिस्सा वाटी बिनमिठाचे पनीर, तितकेच तासगावचे बेदाणे. खजूर मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतो, तेव्हा परातीत हातानेच कुस्करावा लागला. पहिली दहा मिनिटे तो दाद देत नाही. मग हाताच्या उबेने लोणी सुटू लागते आणि तो एकाएकी नरम होऊन लोण्याला आपल्यात घेतो. ‘मरासू’ या धातूचा अर्थ कोशात वाचणे आणि मनगटात जाणवणे यांत अंतर आहे. पण झालेला गोळा ताठ राहीना. दाबला की कडेने स्नेह सुटे, वडी पाडली की पसरे. शेवटी भाजलेले सातूचे पीठ दीड वाटी मिसळले, तेव्हा कोठे तो रोटीच्या आकाराला आला. चव, सांगायलाच हवे, उत्तम. पनिराचा किंचित आंबूसपणा खजुराच्या गोडीला आवरून धरतो.

यावरून आमचा तर्क असा. त्या पदार्थाच्या सुमेरी नावातच ‘रोटी’ आहे आणि नोंदीत पीठ नाही. पीठ पदार्थात नव्हते असे नव्हे, ते त्या कोठारातून दिले गेले नव्हते. धान्याचा हिशेब वेगळा, फळांचा आणि दुधदुभत्याचा वेगळा. लेखनिकाने आपल्या हातून गेलेले तेवढे लिहिले. पाककृती म्हणून ज्याचे वाचन होते ते वस्तुतः खर्चाचे चलन आहे, आणि चलनात जे नाही ते ताटात नव्हते असे मानणे हा वाचनाचा दोष होय. दस्तऐवजाचा प्रकार आधी ओळखावा, मग अर्थ लावावा, हे आपण ऐतिहासिक साधनांविषयी वर्गात सांगतो. बखर आणि महजर यांना आपण एकाच रीतीने वाचत नाही. मग खजुराच्या बाबतीत तेवढी सवलत का? खऱ्या अर्थाने पाककृती म्हणाव्यात असे बॅबिलोनियातील मृत्तिकापट येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. झां बोतेरो यांनी त्यांचे संपादन केले. त्यांत रस्से आहेत, पक्ष्यांचे मांस आहे. मिरसू नाही.

सुकामेवाच देवतेपुढे का, हा प्रश्नही येथे विचारला पाहिजे. ताजे फळ ऋतूचे असते, वाळवलेले कोठाराचे. उरुक नगरीची देवता इनाना हिच्याविषयी थॉर्किल्ड जेकबसन यांनी अशी मांडणी केली की मुळात ती कोठाराची अधिष्ठात्री, आणि तिचा वर दुमुझी हा एका रूपात खजुरीच्या झाडातील शक्ती. त्यांचा विवाह म्हणजे खजुराचे घड कोठारात येणे. त्यांच्या १९७६ सालच्या ग्रंथातील ही मांडणी सर्वांना मान्य झालेली नाही, पण कोठार आणि देऊळ यांची जी सरमिसळ त्या संस्कृतीत दिसते तिचा तिच्यामुळे चांगला उलगडा होतो. उरुक येथे सापडलेल्या, इ.स.पू. ३००० च्या सुमाराच्या दगडी कुंभावर खाली पाणी, त्यावर पिके, त्यावर मेंढ्या, त्याच्या वर भरलेल्या टोपल्या आणि भांडी घेऊन चाललेले पुरुष, आणि सर्वांत वर ती भांडी स्वीकारणारी स्त्री कोरलेली आहे. तिच्या पाठीमागे कोठार भरलेले. (हा कुंभ एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून लुटला गेला आणि जूनमध्ये तुकड्यांच्या रूपात परत आला.) येथेही मिरवणूक पुरुषांची आहे. टोपल्यांत जे आहे ते तयार कोणी केले, ते कोरणाऱ्याला महत्त्वाचे वाटले नाही. गिल्गमेश महाकाव्याच्या सहाव्या पटात इश्तारला रोज खजुराच्या टोपल्या आणून देणारा माळी इशुल्लानू भेटतो. देवीने त्याची अभिलाषा धरली तेव्हा त्याने आपल्या आईच्या हातच्या अन्नाचा हवाला देऊन नकार दिला आणि त्याची शिक्षा भोगली. देवीच्या ताटाविरुद्ध आईच्या रोटीचे नाव घेणारा असा नायक आम्हांस तरी दुसरा आठवत नाही.

पुढे सेल्युकिड काळात, म्हणजे इ.स.पू. ३ ऱ्या-२ ऱ्या शतकांत, उरुकच्याच अनू देवाच्या मंदिराचा दैनंदिन नैवेद्यविधी लिहिला गेला. फ्रांस्वा त्युरो-दांजां यांनी तो १९२१ साली प्रसिद्ध केला. देवांना दिवसातून चार वेळा भोजन. रोट्यांची संख्या, मद्याची पात्रे, मेंढ्या, आणि त्यांच्यासोबत खजूर, दिल्मूनचा खजूर, अंजीर, बेदाणे. दिल्मून म्हणजे आजच्या बहारीनचा परिसर. दळणाऱ्याने दळताना काय म्हणावे, पीठ मळणाऱ्याने मळताना कोणता मंत्र म्हणावा, हेही त्यात आहे. त्या दोघांना निदान ओठ तरी मिळाले. देवांपुढचे उरलेले अन्न राजाकडे जाई. मंदिरातील सेवेच्या बदल्यात नैवेद्याचा ठरावीक वाटा मिळण्याचा हक्क असे, आणि तो हक्क लोक विकत घेत, विकत, वारसांना वाटून देत. आपल्याकडील देवस्थानांच्या वतनांचे कागद पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये. मराठी वृत्तपत्रांत ‘मलिदा लाटणे’ हा शब्दप्रयोग भ्रष्टाचारासाठी रूढ झाला आहे. नैवेद्याचा वाटा आणि वशिल्याचा वाटा यांतील अंतर भाषेने फार पूर्वीच मोजून ठेवले असावे.

मलिद्याकडे आम्ही परत येणार आहोत. तत्पूर्वी तिसऱ्या साक्षीदाराला, संदेष्ट्याला, बोलावले पाहिजे.

हिब्रू पवित्रशास्त्रात ‘अशीशा’ नावाचा एक पदार्थ येतो : दाबून केलेली मनुकांची ढेप. कराराचा कोश यरुशलेमात आणल्यावर दावीद राजा जमलेल्या प्रत्येकाला, स्त्रीला आणि पुरुषाला, ती वाटतो. गीतरत्नातील प्रेयसी विरहाने क्षीण होऊन तीच मागते. यशया मवाबाच्या नाशाचे वर्णन करतो तेव्हा लोक कीर-हरेसेथच्या मनुकांच्या ढेपांसाठी शोक करतील असे म्हणतो. होशेय मात्र संतापून सांगतो की इस्राएल दुसऱ्या देवांकडे वळले आहे आणि त्यांना मनुकांच्या ढेपा प्रिय आहेत. एकच गोड पदार्थ : एके ठिकाणी राजाचा प्रसाद, दुसऱ्या ठिकाणी प्रेमाचे औषध, तिसऱ्या ठिकाणी व्यभिचाराची खूण.

या ढेपेचे भाषांतरात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात दावीद, प्रेयसी आणि होशेय या तिन्ही ठिकाणी ती द्राक्षारसाचे पात्र झाली, आणि यशयात तर ती नगराचा ‘पाया’ होऊन बसली. जवळपास पावणेतीनशे वर्षे इंग्रजी वाचकांनी मनुकांऐवजी मद्य वाचले. १८८५ च्या सुधारित आवृत्तीत ढेप परत आली. भाषांतरकार विद्वान होते, प्रामाणिक होते. पण कोणी तरी मनुका दाबून ढेप करीत असेल ही शक्यता त्यांच्या अभ्यासिकेत शिरली नाही. मराठीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अशा भाषांतरासाठी व्याकरणाइतकेच स्वयंपाकघरही जवळ असावे लागते, असे आमचे मत आहे.

आता तो ‘जवळजवळ’. यिर्मयाच्या ग्रंथात ‘आकाशाच्या राणी’साठी केल्या जाणाऱ्या ‘कव्वान’ नावाच्या रोट्यांचा दोनदा उल्लेख आहे. हिब्रू पवित्रशास्त्रात हा शब्द इतरत्र कोठेही नाही. तो अक्कडी ‘कमानू’ या शब्दावरून आला, आणि कमानू ही इश्तारच्या पूजेत ठेवली जाणारी रोटी. सातव्या अध्यायात संदेष्टा घरातील श्रमविभागणी सांगतो : मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बाया कणीक मळतात. दोषारोप करण्याच्या भरात त्याने नकळत एका कुटुंबाचे चित्र काढले आहे, आणि त्या चित्रात सगळे गुण्यागोविंदाने कामाला लागलेले दिसतात.

चव्वेचाळिसाव्या अध्यायात स्थळ बदलते. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडले आहे, वाचलेले लोक मिसर देशात आश्रयाला आहेत. यिर्मया त्यांना सांगतो की ही आपत्ती तुमच्या मूर्तिपूजेमुळे आली. तेव्हा जमाव उत्तर देतो, आणि त्यातील बाया उत्तर देतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आम्ही राणीला धूप आणि पेये अर्पीत होतो तेव्हा पोटभर अन्न होते, थांबलो तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ मागे लागले, आणि तिच्या प्रतिमेच्या रोट्या आम्ही केल्या त्या काय आमच्या नवऱ्यांना न कळत केल्या?

यिर्मयाच्या ग्रंथाने हे उत्तर खोडण्यासाठी नोंदवले आहे. पण नोंदवले आहे. बॅबिलोनियाच्या लेखनिकाने खजूर मोजला, उरुकच्या पुरोहिताने ताटे मोजली, आणि त्या दोघांनाही जे सुचले नाही ते त्या पदार्थाच्या कट्टर विरोधकाने केले : कणीक मळणाऱ्या बायांना बोलू दिले. त्यांचा युक्तिवाद दुबळाही नाही. एकाच दुष्काळाची दोन स्पष्टीकरणे आहेत, आणि त्यांच्या बाजूला अनुभव आहे. ज्या स्त्रिया सर्वस्व गमावून परक्या देशात उभ्या आहेत त्यांच्या तोंडचा, नवऱ्यांना न कळत केले काय, हा प्रतिप्रश्न वाचताना, संदेष्ट्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही, आमची सहानुभूती कोठे जाते ते आम्ही लपवीत नाही.

ही परंपरा कोकणाशी जोडली जाते ती एका विलक्षण वळणाने. अलिबाग परिसरातील बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले मराठीभाषी यहुदी, नवस फेडताना, लग्नाआधीच्या मेंदीच्या वेळी, नव्या घरात जाताना ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोडे, बदाम, पिस्ते, बेदाणे. भोवती खजूर आणि इतर फळे. तो मांडला जातो एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या उपासकांशी झुंजलेला हा एलिया, मूर्तींच्या नैवेद्यांचा कडवा विरोधक. त्याच्याच नावाने कोकणात सुक्यामेव्याचे ताट भरले जाते. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. बेने इस्राएलांच्या दृष्टीने ते देवाचे आभार मानणे आहे : झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद, भूमीच्या पिकासाठी वेगळा, आणि ज्याच्यापुढे म्हणायचे तो देव एकच. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले, आणि मलिदाही सोबत गेला. तेथे तो आज त्यांच्या वेगळेपणाची ओळख झाला आहे.

मलिदा हा शब्द फारसी ‘मालीदन’वरून आला, अर्थ चोळणे, मळणे, कुस्करणे. दर्ग्यातील मलिदाही तोच : कुस्करलेली रोटी, गूळ, तूप. मिरसूचा आणि मलिद्याचा वंश एक आहे असा दावा आम्ही करीत नाही. त्या दोन शब्दांमध्ये कोणतीही व्युत्पत्तीची साखळी नाही. एका भाषेत जे घडले ते दुसरीत स्वतंत्रपणे घडले, हेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते. नैवेद्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा अक्कडीने आणि फारसीने हाताकडे पाहिले. आपल्या गणपतीच्या खिरापतीतील पंचखाद्य मात्र ‘ख’ या अक्षरावर जुळवलेले : खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर, खिसमिस. त्यातील खारीक कोकणात पिकत नाही. ती ओमानकडून, उकडून वाळवलेल्या खजुराच्या रूपाने, समुद्रमार्गे मुंबईला येत राहिली आहे. 

मारीविषयी एक राहिले. सीरियातील युद्धाच्या काळात, २०१३ नंतर, तेल हरीरीवर मोठी लूट झाली आणि राजवाड्याच्या भिंतींचे फार नुकसान झाले. साचे त्याआधीच तेथून हलले होते; त्यांतील काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.